डावीकडचा सॅक्सोफोन

४ जानेवारी

प्रिय साळू,

खोकं मिळालं असेल. उघडताना सुरी आत खुपसू नकोस, वरची पट्टी सोलून काढ. आत माझे जुने दोन स्पीकर, अँप्लिफायर, प्लेअर आणि जॅझच्या तीन सीडी आहेत. तापाने महिनाभर घरात बसून कंटाळलीस असं लिहिलंस म्हणून पाठवतोय. दान नाही. जूनमध्ये परत घेईन.

स्पीकरच्या पेट्या मी स्वतः बांधल्या आहेत, अठरा मिलिमीटरच्या प्लायमध्ये. इथला दुकानदार म्हणाला, घरी केलेल्या पेट्या नाकात बोलतात. त्याला म्हटलं, तुमच्या पेट्यांना नाक नाही नि डोकंही नाही, नुसतं तोंड आहे. तेव्हापासून मला बघितलं की तो शटर ओढतो.

आता नीट वाच. दोन पेट्यांमध्ये दोन मीटर अंतर. तुझी खुर्ची दोन्हींपासून दोन-दोन मीटर. टेप घेऊन मोजायचं, ‘साधारण एवढं’ चालणार नाही. मागच्या भिंतीपासून पेट्या साठ सेंटिमीटर पुढे. पेटीतला वरचा छोटा गोल कानाच्या उंचीला. पेट्यांवर मामीला फुलदाणी ठेवू देऊ नकोस.

पहिली सीडी चौघांची आहे. सॅक्सोफोन पूर्ण डावीकडे. पियानो, डबल बास आणि ड्रम उजवीकडे. तेव्हा अशीच ध्वनिमुद्रणं करायचे. डोळे मिटलेस तर कोण कुठे उभा आहे ते बोट करून दाखवता आलं पाहिजे. दुसरीत एक बाई गाते आणि सोबतीला फक्त डबल बास. तिसरी मोठ्या बँडची, जुनी, खरखरीत. ती शेवटी ऐक.

लोक म्हणतील हा काय गोंधळ. म्हणू देत. मलाही कुणी शिकवलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून मी ग्रीस लावत होतो आणि पलीकडच्या हॉलमध्ये चार जण दुपारची तालीम करत होते. भिंतीतून फक्त बास येत होता. मी ग्रीसचा डबा खाली ठेवला आणि तासभर लिफ्ट बंद ठेवली. वरच्या मजल्यावरचे लोक शिव्या घालत जिने उतरले. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

ऐक आणि कळव. ‘छान वाटलं’ असं लिहिलंस तर सगळं परत मागवीन.

तुझा,
दादा


१९ जानेवारी

महामहोपाध्याय दादांस,

टेपने मोजलं. शिवणाची टेप चालते ना? आईने फुलदाणी ठेवली, मी काढली, तिने परत ठेवली. सध्या ती जमिनीवर आहे. फुलदाणी.

सोमवारपासून कोर्टात पुन्हा रुजू झाले. माझं टेबल मधोमध, साक्षीदार उजवीकडे, दोन्ही वकील दोन बाजूंना आणि वर न्यायाधीश साहेब. दिवसभर लोक बोलतात नि मी टाइप करते. घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही तर बरं वाटतं, म्हणून तुझी बिनशब्दांची सीडी मला मानवली.

पण एक शंका आहे, रागावू नकोस. पियानो लख्ख येतो. ड्रमच्या झांजा तर अशा चमकतात की वाटतं टेबलावर कुणी सुट्टे चमचे ओतले. सॅक्सोफोन मात्र जाड पडद्याआडून वाजवल्यासारखा येतो. आणि मला तो डावीकडे सापडतच नाही. तुझ्या पेटीत काही बिघाड?

साळू

ता. क. मी मामी. पेट्या चांगल्या आहेत पण तिच्यावर परिणाम बरा नाही. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नाही. पूर्वी माझ्या एका हाकेत यायची. तूच तिला समजाव. अंगाने बारीक झाली आहे.


२५ जानेवारी

साळू,

माझ्या पेटीत बिघाड नसतो. तरी प्रश्न आला आहे तर पद्धतशीर जाऊ. मी लिफ्ट दुरुस्त करतो तसंच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुठे जातो ते बघायचं. जो घाईत दोन गोष्टी बदलतो तो दिवसभर शाफ्टमध्ये लटकतो.

अँप्लिफायर बंद करून मागच्या तारांची अदलाबदल कर. डावीची उजवीत, उजवीची डावीत. आता सॅक्सोफोन उजव्या पेटीतून येईल. तरीही तो दबलेलाच राहिला, तर दोष सीडीत किंवा अँप्लिफायरमध्ये. तो लख्ख झाला आणि त्याऐवजी झांजा दबल्या, तर दोष डाव्या बाजूला, पेटीत किंवा तारेत.

आणि मामीशी अबोला धरू नकोस. तापातून उठल्यावर माणूस चिडचिडं होतं, मला कळतं, पण तिने महिनाभर तुझं सगळं केलं आहे. हाक मारली की ओ द्यायची.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

अबोला धरलेला नाही. आईला काय, लिहायला जागा दिली की ती लिहिते.

तारा बदलल्या. सॅक्सोफोन खडखडीत बरा झाला, आणि तो वाजवणारा श्वास घेतो तेही ऐकू आलं. (हे मला फार आवडलं. इतका मोठा कलावंत, पण त्यालाही धाप लागते.) झांजा मात्र मेल्या. चमचे गेले, लाकडी पळ्या राहिल्या.

तू सांगायच्या आधीच मी पुढची पायरी केली. तारा बदललेल्याच ठेवल्या आणि पेट्यांच्या जागा तारांसकट बदलल्या. डावी पेटी उजवीकडे, उजवी डावीकडे. सॅक्सोफोन पुन्हा डावीकडे आणि पुन्हा पडद्याआड. म्हणजे तुझी पेटी निर्दोष आहे. अभिनंदन.

आता काय करू?

गाणाऱ्या बाईची सीडी रोज ऐकते. तिच्यात काहीच कमी पडत नाही. हे कसं?

साळू


१४ फेब्रुवारी

साळू,

शाबास. मी न सांगता तू पेट्या बदलल्यास हे वाचून मी कामावरच्या दोघांना पत्र दाखवलं. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली आहेत, पण त्यांना हे सुचलं नसतं.

आता उत्तर सोपं आहे. सीडी नाही, तार नाही, पेटी नाही. उरली खोली. तुझ्या डावीकडे मोठी खिडकी आहे, मला आठवते, आणि मामीने तिला गालिच्याएवढा जाड पडदा लावला आहे. झांजेसारखे बारीक, तीक्ष्ण आवाज असला पडदा गिळून टाकतो. पडदा काढ म्हटलं तर मामी माझ्याशी बोलणार नाही, म्हणून आधी खात्री करू. पेट्यांना हात लावू नकोस. फक्त खुर्ची फिरव आणि पेट्यांकडे पाठ करून बस. खिडकी जागच्या जागी, सॅक्सोफोनही खिडकीच्याच बाजूला. तो पुन्हा दबलेला आला की पडदा दोषी.

गाणाऱ्या बाईचं ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही पेट्यांतून एकच आवाज. म्हणून दोष झाकला जातो. त्यावर समाधान मानू नकोस.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

खुर्ची फिरवली. पेट्यांकडे पाठ करून बसले.

सॅक्सोफोन लख्ख. झांजा मेल्या.

मग पुन्हा तोंड करून बसले. सॅक्सोफोन मेला, झांजा लख्ख.

चार वेळा केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलली. तूच सांग दोष कुठे आहे. मी वाट बघते.

साळू


१३ मार्च

प्रिय साळू,

हे पत्र मुद्दाम कोर्टाच्या पत्त्यावर पाठवतोय. मामी माझी पत्रं भिंगाखाली धरून वाचते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते खिशात घालून कामावर गेलो. सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार नीट मिटत नव्हतं. ते दुरुस्त करताना मनात तुझं गणित मांडत होतो. सीडी निर्दोष. तारा निर्दोष. पेट्या निर्दोष. पडदा निर्दोष, त्याची मी माफी मागतो. खुर्ची फिरली आणि दोष तिच्याबरोबर फिरला. पण खुर्ची लाकडाची. तिला काय दोष असणार?

मी दाराशी तसाच बसून राहिलो. आतल्या बाई म्हणाल्या, ‘अहो, आम्हाला सोडता का?’

डावा कान. तापातच गेला ना? आणि तुला पहिल्या पत्रापासून माहीत होतं.

उत्तराला तीन आठवडे लागले कारण मी प्रयोग करत होतो. न करता बोलणं मला जमत नाही. अकरा दिवस घरी असताना डाव्या कानात कामावरचं फोमचं बूच, वर कापूस, वर चिकटपट्टी. तरी पूर्ण बंद होत नाही, डोक्याच्या हाडातून थोडं येतंच. तेवढी चूक धरून चाल. तुझ्या वहिनीने पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी हसली, तिसऱ्या दिवसापासून मुद्दाम डावीकडून बोलून सगळी कामं सांगायला लागली आणि ‘सांगितलं होतं’ म्हणायला लागली.

निष्कर्ष असे. पहिली सीडी लंगडते. पण अँप्लिफायरच्या मागे उजव्या कोपऱ्यात एक छोटं बटण आहे, ते दाब. दोन्ही बाजू एकत्र होऊन दोन्ही पेट्यांतून येतात. सॅक्सोफोन परत येतो. कोण कुठे उभा आहे ते कळत नाही, पण कोण काय म्हणतो आहे ते सगळं कळतं. मग एक पेटी पुरते. ती तुझ्या उजवीकडे, थोडी पुढे, दीड मीटरवर ठेव. तिसरी सीडी, मोठ्या बँडची, मोनोच आहे. तिच्यातलं काहीही हरवत नाही. एक सूरसुद्धा नाही. मी दोनदा तपासलं.

वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की दोन पेट्यांच्या मधोमध बसल्याशिवाय ऐकणं हे ऐकणंच नव्हे. मी चुकलो असं म्हणत नाही. माझं म्हणणं अपुरं होतं.

आता खरा प्रश्न. कोर्टात काय करतेस? तिथे डावीकडेही एक वकील बसतो.

दादा


२१ मार्च

दादा,

अकरा दिवस कानात बूच घालून बसलास ते वाचून मला राग आला. तुझं बूच संध्याकाळी निघतं. माझ्यासाठी कुणी नाटक केलेलं मला नको. पत्र फाडायला घेतलं होतं. अर्धं फाटलंही. मग वहिनीचं वाचून हसू आलं, ते चिकटवलं.

हो, तापात गेला. एका सकाळी उठले तर उशीवर टेकलेला कान बंद आहे असं वाटलं, कूस बदलली, मग कळलं. डॉक्टरांनी चार वेळा तपासलं. नस गेली आहे, परत येणार नाही. आईला सांगितलं नाही कारण ती रडेल आणि मग मला तिची समजूत काढावी लागेल. तुला सांगितलं नाही कारण तू उपाय सांगशील. तसंच झालं. पण तू विचारत गेलास नि मी तारा बदलत गेले, तेव्हा वाटलं, याला स्वतःलाच सापडू दे. तोंडाने सांगायची वेळ आली नाही, बरं झालं.

कोर्टाचं ऐक. मागच्या महिन्यात साक्ष चालू असताना डावीकडच्या वकिलांनी बसल्या जागेवरून हरकत घेतली. मला कळलंच नाही. माझ्या पानावर ती नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पान दाखवलं. इतकी वर्षं माझ्या पानाला कुणी बोट लावलं नव्हतं, दादा. मी उभी राहिले आणि साहेबांना म्हटलं, चूक माझी आहे, माझा डावा कान गेला आहे.

साहेब भले माणूस आहेत. तेच वाईट झालं. ते म्हणाले, बाई, आधी सांगायचं ना. संध्याकाळी अधीक्षकांनी बोलावलं. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, आणि म्हणाले, ‘तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये देतो. शांत जागा आहे. काही ऐकावं लागत नाही.’

काही ऐकावं लागत नाही! एकवीस वर्षं मी ऐकून लिहिते. माणूस खोटं बोलायच्या आधी थुंकी गिळतो तेही मला ऐकू येतं, फक्त ते लिहायची परवानगी नाही. आणि हे मला फायलींच्या तळघरात शांतता देणार. मी म्हटलं, मला विचार करायला वेळ द्या. ते म्हणाले, तुमच्या भल्यासाठीच आहे. एप्रिलमध्ये आदेश निघेल.

मी जाणार नाही. कसं ते माहीत नाही, पण जाणार नाही. आता सांग तुझा उपाय. या वेळी मी विचारते आहे.

साळू


२६ मार्च

साळू,

आधी कडू. तुझ्या पानावर कुणाचं तरी आयुष्य अवलंबून असतं. पानातून वाक्यं गळणार असतील तर कितीही भांडलीस तरी मी तुझ्या बाजूने नाही. लिफ्टचा दोर झिजला असेल तर त्याने किती वर्षं इमाने सेवा केली हे मी विचारत नाही. म्हणून हट्ट जागेसाठी कर, पण त्याआधी पान पुरं कर.

आता काम. कोर्टाची खोली ही खोलीच आहे आणि तू त्यात चुकीच्या जागी बसली आहेस. मधोमध बसणं हे दोन कानांच्या माणसाचं काम. टेबल उचल आणि डाव्या भिंतीला लाव. डावा कान भिंतीकडे, साठ सेंटिमीटरवर. आता साक्षीदार, दोन्ही वकील, साहेब, सगळे तुझ्या उजव्या हाताला आले. कुणीही डावीकडे उरला नाही. तिकडे फक्त भिंत, आणि भिंतीला बोलायचा अधिकार नाही.

पंखा कुठे आहे? उजवीकडे असेल तर तो तुझ्या चांगल्या कानात दिवसभर घरघरतो आहे. डावीकडे हलव. बहिऱ्या कानापाशी हवं तेवढं ओरडू दे त्याला.

साक्षीदार चार मीटरच्या आत पाहिजे. पावलांनी मोजू नकोस.

मग परीक्षा माग. विनंती करू नकोस, माग. तिघांना तीन जागांवरून एकदम बोलायला लाव. शेजारी, मधल्या जुन्या जागी, दोन धड कानांची टंकलेखिका बसव. दोन्ही पानं ताडून बघा म्हणावं. हरलीस तर रेकॉर्ड रूममध्ये जा आणि तिथून मला पत्र लिही, मी एक शब्द बोलणार नाही. जिंकलीस तर उठू नकोस.

दादा


१७ एप्रिल

दादा,

परीक्षा झाली.

साहेब तयार नव्हते. ‘बाई, तुमचा अपमान होईल हो,’ म्हणाले. मी म्हटलं, अपमान माझा आहे, मी बघून घेईन. त्यांनी वकिलांकडे बघितलं. हरकतवाले वकील उठले आणि म्हणाले, ‘घ्या परीक्षा. मी बोलतो डावीकडून.’ त्यांना वाटलं सोपं आहे. पण डावीकडे आता जागाच नव्हती, टेबल भिंतीला होतं. साक्षीदार चार मीटरला अकरा सेंटिमीटर कमी. पोलादी टेपने.

अर्धा तास तिघे कागदावर लिहून आणलेलं बोलले, एकमेकांचं तोडत, मुद्दाम पुटपुटत. ते वकील तर तोंडावर रुमाल धरून बोलायला लागले. साहेबांनीच त्यांना हात खाली घ्यायला लावलं. मधल्या जागी शेजारच्या कोर्टातल्या बाई बसल्या होत्या, चांगल्या आहेत कामात. साहेबांनी दोन्ही पानं त्या कागदांशी स्वतः ताडली. त्या बाईंच्या अकरा चुका, माझ्या नऊ. रेकॉर्ड रूमचा आदेश निघाला नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, ‘म्हणजे मी तीन महिने त्या कानाशीच बोलत होते?’ आणि उठून माझ्या उजवीकडे येऊन बसली.

पण लढाई संपलेली नाही. अधीक्षक म्हणतात, टेबल हलवायचा लेखी आदेश कुठे आहे? साहेब तोंडी बोलले, तोंडी गोष्ट कार्यालयात चालत नाही. म्हणून रोज सकाळी झाडलोट झाली की टेबल परत मधे. रोज मी ते एकटी ढकलत भिंतीला नेते. परवा साक्षीदार हजर होऊन वाट बघत होता आणि मी पाठ लावून टेबल रेटत होते. वजनी आहे, सागवानी. आज नववा दिवस. कंबर धरली आहे.

मला सल्ला नको. बोल्ट पाठव. चार. जमिनीत बसणारे.

साळू


२२ एप्रिल

साळू,

चार नाही, सहा पाठवले आहेत. दोन पडले हरवले तर काम अडायला नको.

दहा मिलिमीटरचे. लिफ्टचे रूळ मी यांनीच बसवतो. पायांना कोनाच्या लोखंडी पट्ट्याही सोबत आहेत, भोकं पाडून. जमिनीत भोक ऐंशी मिलिमीटर खोल, सरळ. आतली धूळ फुंकून काढ, नाहीतर बोल्ट धरत नाही. सुतार आण, तूच ड्रिल धरू नकोस. नट आवळल्यावर अर्धा तास थांब आणि पुन्हा आवळ.

लेखी आदेशाचं म्हणशील तर जागा बदलायला आदेश लागतो, आणि तुझं टेबल आता तिथून हलणार नाही. तेव्हा मधे आणायचा आदेश त्यांनाच काढावा लागेल. काढू देत.

दादा


३० एप्रिल

दादा,

शनिवारी सुतार आला. तीन भोकं सरळ, एक किंचित वाकडं. सांगते, कारण तू विचारशीलच. अर्ध्या तासाने पुन्हा आवळले.

सोमवारी झाडणाऱ्या मावशींनी टेबल ओढलं. ते हललं नाही. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, माझीही पाठ सुटली.’

अकरा वाजता अधीक्षक आले. कोर्ट भरलं होतं, साहेब बसलेले, साक्षीदार पिंजऱ्यात चढत होता. अधीक्षक भिंत आणि माझी खुर्ची यांच्या मधल्या फटीत पोट आत घेऊन शिरले आणि माझ्या डाव्या खांद्यापाशी वाकून काहीतरी बोलायला लागले. बोलत असावेत. ओठ हलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते.

पूर्वीची मी असते तर मान हलवून ‘हो सर’ म्हटलं असतं आणि काय म्हणाले ते दिवसभर शोधत बसले असते. मी उठले. सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, ‘सर, या कानाने मला ऐकू येत नाही. काय सांगायचं ते उजवीकडून या आणि सगळ्यांसमोर सांगा.’

ते फटीतून मागे निघाले, वकिलांच्या टेबलाला वळसा घातला, उजवीकडे आले. साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं.

‘काही नाही,’ अधीक्षक म्हणाले.

तेही मी टाइप केलं.

साळू